डब्यावर सुटलेली चूक

मंडळी, तीन वर्षं शिरूर अनंतपाळला घरूनच काम केलं. सोमवारपासून नांदेडच्या ऑफिसात या म्हणाले, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती. आज ती मागे घेतो.

आम्ही शेतकऱ्यांसाठी पीकनोंदीचं ॲप बनवतो. देगलूरकडचे अर्ज आठ दिवसांपासून परत जाऊन राहिले होते, कारण एकाच शेतात दोन पिकं भरली की ॲप ते चूक धरायचं. लोकांना नीट भरता येत नाही, असं मी ग्रुपवर ठासून लिहिलंही होतं.

आज दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या सुनीताताईंना सहज सांगितलं. त्या देगलूरच्याच. भाकरी मोडत म्हणाल्या, "अवो, सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास सगळेच घालतेत की. लोकं बरोबर हायेत, तुमचं ॲप चुकून राहिलंय."

अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. आठ दिवसांच्या ऑनलाइन मीटिंगांत हे कुणी बोललं नव्हतं.

तुम्हाला शेजारच्या टेबलानं असं कधी जागं केलंय का? मला विचाराल तर, तीन वर्षं ज्या खिडकीत लॅपटॉप घेऊन बसलो, तिच्यासमोर आमचंच शेत आहे. त्यात सोयाबीन आहे आणि तूरही आहे.