नवमीची चार फुलं

श्रुतिका तळवडेकर भांडखोर आहे, हे मरोळच्या त्या संशोधन संस्थेत कुणालाही विचारा, सांगेल. आणि खोटं कशाला बोला, आहेच ती भांडखोर. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर नळाच्या रांगेत हंडा धरून वाढलेली पोरगी "आधी तुमचं होऊ द्या" म्हणायला कुठून शिकणार?

संस्थेत नळ एकच होता, तो म्हणजे सूक्ष्मदर्शक. डोळा लावून बघायचा नव्हे. याला केसाहून बारीक चुंबकीय सुई असते, ती नमुन्यावरून फिरते आणि कुठल्या थराचं चुंबकत्व वर, कुठल्याचं खाली, याचा नकाशा काढते. श्रुतिकाची पीएचडी याच नकाशावर अडली होती. काळ्या चकचकीत स्फटिकाचे थर चिकटपट्टीने सोलायचे, कांद्याचे सोलावेत तसे, आणि अणूइतक्या जाडीचे नेमके तीन थर असलेला तुकडा शोधायचा. सहा महिने तिने हेच केलं. शेवटी एक तुकडा मिळाला, एकच. बाहेरची दमट हवा लागली की काही मिनिटांत त्याचं पाणी होतं, म्हणून तो कोरड्या वायूने भरलेल्या काचेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून हाताळायचा.

दुसरा दावेदार सुयोग. बोरिवलीचा, तिच्याहून एक वर्ष पुढे, बोलायला लोण्यासारखा आणि मनाने विळी. सूक्ष्मदर्शकाच्या पाळ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडून स्वतःचं लिहिण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एकदा तर तोंडावर म्हणाला, "गिरणीवाल्यांच्या घरात संप करायची सवय असते ना, म्हणून तू कायम चिडलेली." त्या दिवसापासून दोघं कामापुरतंच बोलत, आणि तेही ओरडून.

यंदा दसऱ्याच्या दिवसावरून जुंपली. सुट्टीला लिफ्ट बंद, वर्दळ नाही, जमीन थरथरत नाही, सुईला असा दिवस वर्षात चारदा मिळतो. शर्मिष्ठा मॅडमनी, दोघांच्याही मार्गदर्शक त्या, वैतागून तो श्रुतिकाला दिला. सुयोग जाताना म्हणाला, "बघू काय दिवे लावतेस."

झालं, तिच्या डोक्यात किडा वळवळला, हा तुकडा नासवणार. पेटीच्या किल्ल्या दोघांकडेही होत्या. खंडेनवमीला दुपारी लॅबची पूजा व्हायची तेव्हा तिने तुकडा पेटीतून काढला आणि उघड्या बशीत, पेटीच्या बाजूच्या छोट्या कप्प्यात ठेवला. वस्तू आत-बाहेर करायचा तो कप्पा. कोरडा वायू त्यातही होता, पण दार कुणीही उघडावं. तिथे रात्रभर नमुना ठेवायचा नाही हा पहिल्या वर्षाचा नियम. पण सुयोग शोधेल तर पेटीत शोधेल, कप्प्यात कशाला बघेल?

लॅबचे मदतनीस मधुकरकाका हळदकुंकू नि झेंडूचं ताट घेऊन फिरत होते. सूक्ष्मदर्शकापाशी आले तशी ती आडवी आली. "काका, याला हात लावायचा नाही. एक पाकळी पडली तर याद राखा!" बिचारे मागे सरले.

दसऱ्याला दहा वाजता तिने कप्प्यातली बशी भिंगाखाली धरली. तुकडा नव्हता. त्या जागी एक पिवळट थेंब होता.

तिने बशी फिरवून दोनदा बघितली. मग जी तळपायाची आग मस्तकाला गेली! सुयोगला फोन लावून तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. "तूच दार उघडलंस! हलकट माणसा!" तो शांतपणे म्हणाला, "हे लेखी दे ना. मग बघतो तुझ्याकडे." दिलं तिने. मॅडमना थेट मेल, सगळ्या लॅबला प्रत लावून, सुयोगने मुद्दाम नमुना नासवला म्हणून. दुसऱ्या दिवशी अकराला बैठक ठरली. आरोप खरा ठरला तर सुयोगची पीएचडी जाणार होती, खोटा ठरला तर तिची.

संध्याकाळी घरी आली तर बाबा आपट्याची पानं घेऊन दारातच उभे. सहदेव तळवडेकर. गिरणी बंद पडेपर्यंत दर खंडेनवमीला मागाला फुलं वाहिल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस.

"फुला बघलंस काय गो?" ते हसत म्हणाले. "तू वाहूची नाय, माका ठावक होता. मधुकराक फोन केलंय, गाववालो तो आपलो. म्हटलंय, माज्या चेडवाच्या मशिनीक चार फुला वाय. तो म्हणता, मोठ्या मशिनीक हात लावूक देणा नाय, बाजूक एक बारको कप्पो आसा, त्यात ठेवलंय. सकाळी निर्माल्य पण काढल्यान."

श्रुतिकाने बाबांनी पुढे केलेलं पान घेतलं. ओली फुलं. आणि कप्प्यात तिचा तुकडा.

"काय झाला गो?"

"काही नाही. चांगलं केलंत, बाबा." आपट्याचं पान तिच्या मुठीत चुरगळून गेलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, पण आता रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

सकाळी बैठकीत तिने एक कागद मॅडमसमोर ठेवला. सुयोगवरचा आरोप मी मागे घेते. नमुना मी नियम मोडून कप्प्यात ठेवला, दार उघडलं गेलं, चूक माझी. यात खोटं एक अक्षर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पाचव्या वर्षाला ही अक्कल? स्वतःहून मागे घेतलास म्हणून पीएचडी राहिली. तीन महिने सूक्ष्मदर्शक सुयोगकडे राहील. तू पुन्हा सोलायला लाग."

सुयोगचं तेवढ्याने भागेना. "आरोप सगळ्यांसमोर झालाय मॅडम. कागद फलकावर लागला पाहिजे." मॅडमनी मान हलवली. "लाव रे लाव," श्रुतिका त्याला म्हणाली, "फ्रेम करून घरी पण लाव."

कागद लावायचं काम मधुकरकाकांकडे आलं. टाचणी धरून ते दोनदा वाचत राहिले. चेहरा उतरला होता. त्यांना कळलं होतं. त्यांची नोकरी कंत्राटी, दर वर्षी मॅडमनी नव्याने सही केली तरच टिकायची.

"बाय, ह्यात फुलांचा नाव नाय," ते हळूच म्हणाले.

"नाही. नीट लावा, वाकडं झालंय." ती चिकटपट्टीचं नवं रीळ दाताने सोडवत होती. "आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर माझ्याशी गाठ आहे."