साखरेची वकिली

लंडनमधल्या हॅरोच्या सुपरमार्केटमध्ये मॉरिशसचे एक काका मला दर शनिवारी साखरेपाशी भेटतात. पाकिटं उलटून वाचतात आणि साखर मॉरिशसची असली की फळीवर पुढे आणून ठेवतात. "आमच्या वकिलातीपेक्षा हीच जास्त काम करते," असं इंग्रजीत म्हणतात. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी कोकणातून तिकडे ऊस तोडायला नेलं. मराठी आता आरतीपुरती उरलीय.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी त्याच साखरेचे मोदक आणले. "अय्या, गुळाचे नाहीत?" म्हणत एका काकूंनी डबा मागे सारला. काकांनी तो पुन्हा देवासमोर, अगदी पुढे आणून ठेवला. प्रसाद वाटताना माझी लेक म्हणाली, "काका, अजून एक प्लीज."

या शनिवारी ते आले, तेव्हा पाकिटं आधीच पुढे होती. लेक शेजारी उभी होती, जणू काही माहीतच नाही.