कुठं लिहिलंय ते दाखवा

माझी शाळा तिसरीत सुटली, पण अंगठा मी कुठंच लावला नाही. भोसरीच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला आयुष्य गेलं, तिथंही पगाराच्या कागदावर सही केली. ती सही बघून आमचा सुपरवायझर एकदा म्हणाला होता की अक्षर वळणदार आहे. हे मी आजही लोकांना सांगतो. सही, बसची पाटी, दुकानाचं नाव, एवढं मला वाचता यायचं. पेपर मात्र मी वाचत नव्हतो. कुणी विचारलं तर चष्म्याचा नंबर बदललाय म्हणायचो. तो नंबर बरीच वर्षं बदलत राहिला.

पेपर वाचायची माझी नात. मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टला, सून ताथवड्याला एका कॉलेजच्या कँटीनमध्ये, त्यामुळं ही पोर माझ्याच हाताखाली वाढली. थेरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. गॅरेजवाला माझा जुना दोस्त. मी त्याला उस्ताद म्हणतो, तो मला आप्पा म्हणतो. त्याच्या दाराशी एक बाकडं टाकलेलं असतं. शाळा सुटली की नात तिथं यायची आणि आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायची. जोडाक्षर येवो नाहीतर सरकारी शब्द येवो, पोर थांबायची नाही. नळातून पाणी पडावं तसं वाचायची. रस्त्यानं जाणारे उभे राहून ऐकायचे.

"आप्पा, पोरगी कलेक्टर होणार तुमची," उस्ताद म्हणायचा.

"मग, नात कुणाची हाय," मी म्हणायचो.

ती सातवीत गेली आणि पहिल्या चाचणीनंतर तिच्या बाईंनी घरी निरोप धाडला की मुलगी वाचनात मागं आहे, कुणीतरी भेटायला या. माझा संतापच झाला. धुवट शर्ट घातला आणि गेलो शाळेत भांडायला.

बाई लातूरकडच्या, वयानं लहान, बोलणं तिकडचंच. मला बघून खुर्ची पुढं केली. "बसा आजोबा. भांडायचं आसंल तर बसून भांडा."

मी बसलो. म्हणालो, "सगळी गल्ली हिचं वाचन ऐकायला थांबती, आणि तुमी म्हणता मागं हाय?"

"वाचती ती लई छान. वाचलेलं तिला कळंना."

"न कळता कुणी एवढं खडाखडा वाचतं व्हय?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एक छापील पान नातीच्या हातात दिलं. गोष्ट एका शिंप्याची होती. तो सकाळी दुकानात आत बसून शिवायचा, दुपारी मशीन उचलून उंबऱ्याशी आणायचा आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन बसायचा. नातीनं एका दमात वाचली. मी बाईंकडं बघितलं, आता बोला म्हणून.

बाईंनी नातीला विचारलं, "या शिंप्याची अडचण काय होती?"

नात म्हणाली, "तो दुपारी मशीन उचलून उंबऱ्याशी आणायचा."

"ते लिहिलंयच. पण कामून आणायचा?"

नात पानाकडं बघत राहिली. तिनं तेच वाक्य परत वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं. मला राहवेना. मी म्हणालो, "अगं, डोळे गेलेत त्याचे. उजेड शोधतोय तो."

बाई हसल्या. "आजोबा, तुमी पास. आता मला कळलं घोटाळा कुठं झालाय. घरी वाचती ही, आन् समजून घेता तुमी. हिला कुणी कधी विचारलंच न्हाई."

मी खुर्ची जरा पुढं ओढली.

बाईंनी पुढचं सरळ सांगितलं. दिवाळीनंतर परत तपासणार. वाचायला देणार, विचारणार आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावणार. नाही जमलं तर रोज पहिले दोन तास तिला पाचवीच्या मुलांबरोबर, पाचवीच्या पुस्तकावर बसवणार. आम्ही घरी निघालो. डांगे चौकात रस्ता ओलांडताना नात हळूच म्हणाली, "आबा, पाचवीत बसवलं तर मी शाळेत जाणार न्हाई."

रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरात एकदा नाही म्हटलं की नाही. माझी शाळा अशीच सुटली होती.

बाईंनी उपाय सांगितला होता तो माझ्यासाठी होता. नातीनं वाचलं की मी गप्प बसायचं. काय वाचलं ते तिनं सांगायचं. सांगितलं की मी म्हणायचं, कुठं लिहिलंय ते दाखव. गप्प बसणं हे प्रेसवर काम करण्यापेक्षा अवघड असतं हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी बाकड्यावर सुरू केलं. रस्त्याच्या रुंदीकरणाची बातमी होती. नात वाचता वाचता थांबली. आजवर कधी थांबली नव्हती.

"आबा, प्रारूप आराखडा म्हणजे काय?"

मी उस्तादाकडं बघितलं. उस्ताद हातातल्या पान्याकडं बघायला लागला. शेजारी एक रिटायर झालेला कंडक्टर बसायचा, त्याला आभाळात काहीतरी दिसलं.

"आप्पा," उस्ताद म्हणाला, "म्हणजे आपण दोन वर्षं नुसत्या मुंड्या हलवत होतो काय?"

नातीनं पुढच्या दिवशी शाळेत बाईंना विचारलं आणि संध्याकाळी येऊन आम्हाला सांगितलं की पक्का व्हायच्या आधीचा कच्चा आराखडा, त्यावर हरकत घेता येते. कंडक्टर म्हणाला, "मी पेपर ऐकायला येतो, परीक्षा द्यायला न्हाई." पण दुसऱ्या दिवशी येऊन बसला.

हळूहळू तिचं वाचन मंद झालं. अडखळायला लागली, मागं जाऊन परत वाचायला लागली. येणारेजाणारे थांबेनासे झाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाचून झालं की ती सांगायची, आणि कधी कधी मी मनात धरलेलं एक आणि तिनं सांगितलेलं भलतंच निघायचं. मग ती बोट ठेवून दाखवायची आणि तिचंच बरोबर निघायचं.

लिहिण्याची सोय उस्तादनं केली. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जातो, तेव्हा गॅरेज बंद असतं. त्याची पाटी त्यानं नातीला लिहायला सांगितली. पहिल्या पाटीत तिनं गॅरेज का बंद, कुणी समजून घ्यावं, आभारी आहोत, सगळं लिहिलं. एक रिक्षावाला ती पूर्ण वाचून शेजारच्या टपरीवर विचारत होता, "मग उघडणार कधी?" उस्तादनं ते नातीला सांगितलं, हसून, पण सांगितलं. तिनं पाटी परत लिहिली. पुढच्या शुक्रवारी कुणी काही विचारलं नाही. लोक आले, वाचलं, तीन वाजता परत आले. ती पाटी अजून तिथं आहे.

दिवाळीनंतर तपासणी झाली. मी व्हरांड्यात बसलो होतो. आतून पोरांचे आवाज येत होते, त्यात नातीचा ओळखता येत नव्हता, कारण आता ती हळू वाचायची. बऱ्याच वेळानं बाई तिला घेऊन बाहेर आल्या.

"पाचवीत न्हाई बसायचं हिला," बाई म्हणाल्या. "हिच्या वर्गातच ऱ्हाईल."

नातीनं माझ्याकडं बघितलं नाही, बुटाच्या लेसकडं बघत राहिली. पण कान लाल झाले होते. त्या बाईंना मी त्या दिवशी नुसता नमस्कार केला. मनात होतं त्यातलं काही बोलता आलं नाही, म्हणून इथं सांगतो. माझ्या भांडणाला त्यांनी खुर्ची दिली, पोरीची लाज चारचौघांत काढली नाही, आणि मला गप्प बसायला शिकवलं. तिसऱ्या गोष्टीवर आमच्या घरच्यांचा अजून विश्वास बसत नाही.

बाई आत गेल्यावर मी नातीला म्हणालो, "काय आलं होतं ते मलाही वाचून दाखव की."

तिनं हातातलं छापील पान वाचून दाखवलं. एक म्हातारी चिंचेखाली मडकी विकायची. रस्ता रुंद झाला, चिंच तोडली. म्हातारी समोरच्या भिंतीच्या सावलीला जाऊन बसली. पण रोज संध्याकाळी एक मडकं पाणी घेऊन ती रस्ता ओलांडायची, जुन्या जागी ओतायची आणि मगच घरी जायची. शेवटचा प्रश्न होता, ती असं का करायची?

"पाखरांसाठी," मी लगेच म्हणालो. "चिंचेवर पाखरं असणार. ती कुठं जातील बिचारी."

"मी लिहिलंय, तिला वाटतं मुळं जिवंत हायेत, झाड परत फुटंल."

"पाखरंच. मला कळतं."

नातीनं पान माझ्या मांडीवर ठेवलं. "कुठं लिहिलंय ते दाखवा."

मी खिशातून चष्मा काढला. नंबर बरोबर होता. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि पाखरू शोधायला लागलो. एक एक अक्षर जुळवत, ओठ हलवत. नातीनं तोवर बुटाच्या दोन्ही लेस सोडून परत बांधल्या. शिपाई झाडून गेला. 'बुंध्याशी ओतायची' इथं मी जरा थांबलो, मग पुढं गेलो. शेवटचं वाक्य आलं. आख्खं छापील पान मी पहिल्यांदाच असं खालपर्यंत उतरलो होतो, आणि त्यात पाखरू नव्हतं.

"मागच्या बाजूला असंल," मी म्हणालो.

नातीनं पान उलटून दाखवलं. मागं कोरं होतं.