पडद्याकडे पाठ

पिक्चर सुरू झाला की आप्पा पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. बाजूच्या दाराचा जाड पडदा एका हातात धरायचा, पाय जरा फाकवायचे आणि अंधारात बसलेल्या माणसांकडे बघत राहायचं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पडदा कुठं पळून चाललाय? माणसं बघा."

दौंडला स्टेशनपलीकडच्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो आणि ते डोअरकीपर. मी वर, मागच्या केबिनमध्ये. तिथून मला प्रेक्षकांची नुसती डोकी दिसायची. आप्पांना तोंडं दिसायची. अशा जुन्या टॉकीजमध्ये तुम्ही कधी पिक्चर पाहिला असेल, तर दारातल्या त्या काळ्या आकृतीकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. तिचं मात्र तुमच्याकडे होतं.

त्यांचं घर मूळचं मेंढपाळांचं. पुढे घोडनदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे, वस्ती करून शेतीला लागलेलं. आप्पा लहान असताना तिथल्या टेकाडावर संशोधक मंडळी हजारो वर्षांपूर्वीचं गाव खणून काढत होती. एका मडक्यात तान्ह्या मुलाची हाडं निघाली, तेव्हा मेंढरं सोडून आप्पाही बघायला गेले.

"समदी हाडाकडं बघत व्हती," ते सांगायचे. "म्या बघणाऱ्यांकडं बघितलं. एक बाई व्हती खणायला आल्याली. तिच्या तोंडावरनं मला कळलं, हिचं बी एक गेलंय."

"विचारलंत का तिला?"

"इचारायचं कशाला? दिसलं की."

मेंढरांचंही तसंच, म्हणायचे. कुठलं आजारी पडणार ते आदल्या दिवशी तोंडावर दिसतं. मी हसून सोडून द्यायचो.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक हिंदीत डब केलेला पिक्चर लागला. परदेशातल्या कुठल्याशा कॉमिकवरून काढलेला. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एकाची गोष्ट. त्यात गंमत अशी की प्रत्येक खून झाला की चित्र थांबायचं आणि पडद्यावर कॉमिकचं पान व्हायचं. सगळं काळं-पांढरं, रक्त तेवढं लाल.

लोकांनी तो डोक्यावर घेतला. पाटसच्या कारखान्यातली माणसं पाळी सुटली की थेट यायची आणि चित्र थांबलं की शिट्ट्या मारायची. बांधकामावरची बिहारी मंडळी चार दिवसांत हीरोचे डायलॉग त्याच्याआधी म्हणायला लागली. एक निवृत्त मास्तर दोनदा पिक्चर पाहून गेले आणि दोन्ही वेळा मला जिन्यात गाठून म्हणाले, "मूळ कॉमिकमध्ये त्याला कुत्रा असतो. यांनी कुत्रा खाल्ला."

आप्पांची नोंद वेगळीच. "पुढं बसून शिट्ट्या मारतोय ना, त्यो घरी कोंबडी कापायला दुसऱ्याला बोलावतो. आन् ती निळ्या साडीतली बाई, परत्येक गोळीला तिला बरं वाटतंय. कुणाला तरी मारतीया मनात."

पाचव्या-सहाव्या दिवशी आप्पा म्हणाले, "तीनच्या शोला एक माणूस येतोय. रोज. गोळी वाजायच्या आधी दचकतो."

"रोज येतो म्हणजे पाठ झालं असेल."

"पहिल्या दिशी बी आधीच दचकला."

मी केबिनच्या काचेतून पाहिलं. मधल्या रांगेत पांढऱ्या शर्टाचा, चाळिशीचा माणूस, मांडीवर पिशवी. पिक्चरमध्ये एक जागा होती. मारेकरी जिन्याखाली उभा असतो आणि ज्याला मारायचं तो वरून एकेक पायरी उतरत येतो. सगळं थिएटर पुढे झुकायचं. हा माणूस मागे सरकायचा, खुर्चीत घुसायचा. चित्र थांबून लोक टाळ्या वाजवायचे, तेव्हा तो मान वळवून बाजूच्या दाराकडे बघायचा; तेवढ्यापुरत्या त्याच्या मिशा दिसायच्या.

शेवटी एका इंटरवलला आप्पा त्याच्याशेजारी जाऊन बसले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. तो शिरूर तालुक्यातला, केंदूरकडचा. रस्त्याकडेच्या जमिनीवरून त्याच्या थोरल्या भावाला भाऊबंदांनी माणूस लावून मारलं होतं, घराच्या जिन्यात. यानं वरून पाहिलं होतं. शिरूरच्या कोर्टात साक्ष द्यायची होती आणि तारखेच्या आत यालाही उडवायचं ठरलंय, असा निरोप कोणीतरी पोचवला होता. म्हणून दौंडला बहिणीकडे लपलेला.

"मग असला पिक्चर कशाला बघताय, म्हणलं. तर म्हणतो, पिक्चरचं काय न्हाई, आप्पा. दौंडात हितंच एक माणूस हाय, जो आत येणाऱ्या परत्येकाचं तोंड बघतो. ते तीन तास माझं डोकं जरा थंड ऱ्हातं."

हे सांगताना आप्पांचा आवाज बदलला होता. इतकी वर्षं ते आपल्या हौसेनं माणसं बघत होते. आता त्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला होता. त्या दिवसापासून ते चहालासुद्धा दार सोडेनात. शो सुटला की डोळे चोळत बाहेर यायचे. डोळे लाल झालेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी इंटरवलला आप्पा केबिनमध्ये आले. गुडघ्यांमुळे ते कधी जिना चढत नसत. दम लागलेला.

"भिताडाच्या कडंला बघा. मागनं तिसरी वळ. करडं स्वेटर."

हॉलमध्ये दिवे लागलेले होते. मी बघितलं. त्या रांगेत कोणीच नव्हतं.

"आप्पा, तिथं कोणी नाही."

"नीट बघा. उजव्या कानाची पाळी तुटल्याली हाय. पिक्चर लागल्यापास्नं त्यानं एकदा बी पडद्याकडं बघितलं न्हाई. आपल्या माणसाच्या मानंकडं बघतोय."

मी पुन्हा बघितलं. रिकाम्या खुर्च्या. एकीचं रेक्झिन फाटलेलं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचं तोंड घामानं चमकत होतं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. ते खाली उतरले.

पिक्चर सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच दार सोडलं. ते त्या माणसाच्या बरोबर मागच्या खुर्चीत जाऊन बसले, ताठ, त्याच्यावर सावली धरल्यासारखे. जिन्याचा सीन आला तसे उठले, त्याचा दंड धरला आणि बाजूच्या दारानं त्याला बाहेर काढलं. उन्हाचा लोट आत आला, पडदा पांढरा पडला, लोकांनी शिव्या दिल्या. त्यांनी त्याला सरळ स्टेशनवर नेऊन सोलापूरकडच्या पॅसेंजरमध्ये बसवलं.

शो सुटल्यावर मी खाली जाऊन ती जागा बघितली. खुर्च्यांवर आठवड्याची धूळ होती. कोणी टेकल्याची खूण नव्हती.

आप्पांना तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नसंल. पर मला दिसला."

यानंतर मी जे केलं ते मला आजही डाचतं. ही गोष्ट मी मॅनेजरला सांगितली. हसत सांगितली, करडं स्वेटर आणि तुटक्या कानासकट. तो हसला नाही. आठवड्याभरात त्यानं आप्पांना बोलावून सांगितलं, वय झालं, आता घरी आराम करा.

आप्पांनी वाद घातला नाही. निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "बराबर हाय त्याचं. डोळ्याला नगं ते दिसाया लागलंय." मी सांगितलं होतं, हेही त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असेलच.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला मी घोडनदीच्या घाटावर गेलो. त्यांच्या मुलानं पिंड ठेवले, माणसं मागे सरून थांबली. माझ्याशेजारी एक जण येऊन उभा राहिला. मिशा काढलेल्या, अंगानं भरलेला. काय बोलला त्यावरून ओळखलं.

"साक्ष दिली मी," तो म्हणाला. "दोघं आत हायत."

"बरं झालं."

"आप्पांमुळं. त्या दिशी गाडीत बसवताना त्यांनी मला त्या माणसाचं तोंड घोकून घ्यायला लावलं. करडं स्वेटर, उजवा कान तुटका. पोराकडनं पाढं म्हणून घ्यावं तसं तीनदा म्हणून घेतलं. दोन महिन्यांनी कुर्डुवाडीच्या स्टँडवर त्यो माझ्या मागं उभा व्हता. म्या आधी वळखला, म्हणून चौकीत पळालो. त्याच्या पिशवीत गावठी कट्टा सापडला."

माझ्या पायाखालची वाळू ओली होती. गार लागत होती.

"तो दौंडला आला होता, हे कबूल केलं त्यानं?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणतो, दौंडात म्या कधी उतरलोच न्हाई. टॉकीज बघितलंच न्हाई. पोलिसांना बी पटलं ते. कोर्टात आप्पांचं नाव निघालं, तवा त्याचा वकील हसला. पर तुम्ही तर वरच व्हता. तुम्ही बघितला आसंल ना त्याला?"

समोर एक कावळा पिंडाजवळ उतरला. माणसं तिकडे बघायला लागली.

"हो," मी म्हणालो. "भिंतीकडं बसला होता. मी पाहिला."