टिकाऊपणा: एक दिवस

कलावस्तू परदेशात विकण्याच्या सरकारी योजनेचे अर्ज मी धरमपेठेतल्या एका सभागृहात भरून घेत होतो. समोरच्या म्हाताऱ्याच्या नखांत कागदाचा लगदा वाळलेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात वाजतगाजत मिरवून जाळतात, ते बडग्यांचे पुतळे तो बांधायचा. बोलताना माझ्या चेहऱ्याकडे असा बघायचा, जणू माप घेतोय.

"वस्तू किती वर्षं टिकते?" मी विचारलं.

"एक दिवस."

"बाबा, पाच वर्षं लिहू का? नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही."

"काहून जी? जाळाले बनवून राहिलो मी. जळलं नाही त पीडा जाईन कशी?"

त्यानं अर्धवट अर्ज नीट घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला.

यंदा मिरवणुकीत तो आपल्या बडग्याशेजारी शांत उभा दिसला. बडग्या म्हणजे खुर्चीतला साहेब होता. त्याच्या हातात माझ्याच अक्षरातला तो अर्ज होता आणि नाकावर एका दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. सगळ्यांबरोबर मीही "इडा पीडा घेऊन जा" असं ओरडलो. मग बडग्या पेटला, आणि माझ्या नाकावरचा चष्मा सावरायला गेलेला हात दांडीच्या दोऱ्यावरच थांबला.