पेशींना जेवू घालणाऱ्या अक्का

आमच्या कुंभकोणमच्या प्रयोगशाळेत पेशींचं जेवण अक्का स्वतःच करायच्या. माणसाच्या यकृताच्या कोवळ्या, वाढत्या पेशी त्या. त्यांचं पोषकद्रव दुसऱ्या कुणी ढवळलेलं अक्कांना खपत नसे. सोवळ्यात नैवेद्य रांधणारी सासूही इतकी कडक नसेल. अक्का तंजावरी मराठी घरातल्या. प्रयोगशाळेत सगळ्यांशी तमिळ बोलायच्या, माझ्यावर मात्र मराठीत रागवायच्या, कारण ती कळणारी तिथं मी एकटीच विद्यार्थिनी होते.

थायरॉइडचं संप्रेरक मिळालं की या पेशींतली कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती झोपतात, हा आमचा प्रश्न. पेशी वाढवायच्या काही बशांत संप्रेरक घालायचं, काहींत नाही, आणि फरक बघायचा. फरक जवळपास दिसेना. कोवळ्या पेशी संप्रेरकाला दाद देत नाहीत, असा शोधनिबंध अक्कांनी छापला. गोविंदपुरम्‌च्या देवळात भजनानंतर आमच्या मराठी लोकांनी त्यांना शाल पांघरली, तेव्हा शेजारी मीही मिरवून घेतलं.

पुढे प्रबंधासाठी तोच प्रयोग करताना मी जुनं उरलेलं पोषकद्रव तपासलं. त्यातच संप्रेरक निघालं. पोषकद्रवात जनावराच्या रक्ताचं जे सीरम घालतात, त्यात ते मुळात असतंच. कोळशाच्या भुकटीनं आधी काढून टाकावं लागतं. अक्कांच्या हाती संप्रेरक न काढलेल्या सीरमची बाटली आली होती. म्हणजे उपाशी समजलेल्या बशाही जेवलेल्याच होत्या. त्यांचं सोवळं मोडून तपासायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. अक्कांचा चेहरा पार उतरला. चूक सगळ्यांचीच, असं मी पुटपुटले.

“नक्को, वांटून घेऊं नको,” त्या म्हणाल्या. “वांटलेली चूक कोण्ही सुधारत नाहीं.”

निबंध त्यांनी कारणासकट मागे घेतला. भजनाला जाणं सोडलं, आणि निवृत्त होऊन पट्टीश्वरम्‌ला राहायला गेल्या. मी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जनुकं भराभर बदलली. नव्या निबंधावर घातलेलं त्यांचं नाव त्यांनी काढायला लावलं. समजूत घालायला गेले, तर दाराआडूनच बोलल्या.

निबंध छापून आला आणि लोकांनी वाखाणला. अक्का वारल्या त्या दिवशी, त्यांच्या अंगणात, एका जुन्या सहकाऱ्यानं त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. त्यांच्या देहापाशी उभी राहून मी ते ऐकून घेतलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.