शंभर मिलिमीटरचं वर्तुळ

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात फिटर होता, आणि निवृत्त होताना मोजायची खोड तेवढी घरी घेऊन आला. न्हाणीघराचं दार दोन मिलिमीटर घासतंय, पडदा एका बाजूने पाच मिलिमीटर उतरलाय, हे त्याला उठल्या उठल्या दिसायचं. शेजारचा शिंपी म्हणायचा, "याला खांदा द्यायला चौघं आले ना, तरी आतून ओरडेल, मागचा डावा जरा खाली आहे म्हणून!"

गल्ली हसायची. घरात मात्र कुणी हसत नसे. कप बशीच्या मधोमध ठेवला नाही म्हणून गरम चहा बायकोच्या मांडीवर आलेला होता. लेकीच्या भुवईवर आडवी खूण होती, ती व्हर्निअरची, जाडी मोजायच्या पोलादी मापाची. त्या वेळी त्याच्या हातात व्हर्निअर होता इतकंच. पाना असता तर डोळा गेला असता.

निवृत्तीनंतर त्याने हौशी लोकांसाठी मिळतं तसलं कोरीवकामाचं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आणलं. सुटे भाग जोडून उभं करायचं, जेवणाच्या टेबलाएवढं. मागच्या खोलीत त्याने आणि लेकीने मिळून ते उभं केलं. लोखंड त्याचं, संगणक तिचा. ती चित्र काढायची, मशीन ते लाकडात कोरायचं. वर्षभर दारावरच्या पाट्या निघाल्या, फुलं निघाली, आणि मग त्याला ते मशीन कारखान्यातल्यासारखं हवंसं झालं. जुने बारीक स्क्रू काढून गुळगुळीत बॉलस्क्रू बसवले. कटर फिरवणारी मुठीएवढी मोटर काढून तिच्या जागी तीन किलोचा स्पिंडल टांगला.

"बाबा, हा फार जड आहे," लेक म्हणाली होती. "जुना स्क्रू वजन धरून ठेवायचा. हा इतका सुळसुळीत आहे, की वीज गेली की स्पिंडल धाडकन खाली येईल. ब्रेकवाली मोटर लावू या."

"मी लोखंडात हयात घालवली आणि तू मला स्क्रू शिकवतेस?" असं म्हणून त्याने तिचं डोकं मशीनच्या चौकटीवर आपटलं. ब्रेक राहिला तो राहिलाच.

त्याच महिन्यात तिला दुसऱ्या शहरातल्या एका पाट्या कोरणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. राहायला तिथेच एक खोलीही होती. बायकोने भीत भीत विषय काढला तेव्हा शिंपी ओट्यावर बसलेला होता, म्हणून मिलिमीटरला मोठेपणा घेणं भाग पडलं.

"जाऊ दे की. फक्त मशीन माझ्या हाती नीट देऊन जायचं. शंभर मिलिमीटरचं वर्तुळ कापून दाखव. आडवं मोजलं तरी शंभर, उभं मोजलं तरी शंभर. निघालं की चालू लाग. माझा शब्द आहे."

वर्तुळ काही निघेना. आडवं शंभर भरे, उभं नव्व्याण्णव पूर्णांक चार. कडेला दोन ठिकाणी चपटं, पाय पडलेल्या डब्यासारखं. लेक सगळे स्क्रू आवळायची, बारीक बारीक आकडे बदलायची, संध्याकाळी चाचणीला बरोबर यायचं. सकाळी त्याच्यासमोर कापलं की पुन्हा चपटं.

"हात धुऊन ये," तो म्हणायचा. तिला ते समजायचं. काळे हात त्याच्या सदऱ्याला लागलेले त्याला चालत नसत. ती हात धुऊन यायची आणि मग तो मारायचा. गुरुवारी बायको मधे पडली, तर पाना तिच्या मनगटावर बसला. मनगट दुधीसारखं सुजलं.

"घसरले," तिने शिंप्याला सांगितलं.

"तुमच्या घरातली फरशी तर मिलिमीटरने घोटून घेतलेली," शिंपी म्हणाला आणि मान खाली घालून शिवत राहिला.

त्या संध्याकाळी लेकीने प्रत्येक आवळलेल्या स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढली. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. स्क्रू फिरला की रेघ तुटणार. फिटर लोकांचीच ही युक्ती. पण मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग लाल, नेलपॉलिशही लाल, आणि त्याचा चष्मा जुना.

सकाळी तिने आईला मागच्या खोलीत नेऊन टॉर्च धरला. एका रेघेचे दोन तुकडे झालेले होते.

"हादऱ्याने सैल होत असेल," आई म्हणाली.

"आठ स्क्रू आहेत, आई. हा एकच सुटलाय. बरोब्बर पाव फेरा."

आईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पाव म्हणजे पाव. माणूस मोजून करणारा आहे."

शनिवारी लेकीने तो स्क्रू त्याला हाक मारायच्या मिनिटभर आधी आवळला. तो येऊन उभा राहिला. कटर फिरू लागला. वर्तुळ सहा फेऱ्यांत कापलं जायचं, आणि भुसा झटकता यावा म्हणून दर फेऱ्यानंतर कटर चार बोटं वर जाऊन बटण दाबेपर्यंत तिथेच गरगरत थांबायचा. तिसऱ्या फेऱ्यानंतर त्याने चष्मा पुसला. कुठेच चपटं नव्हतं. हे त्याला आकड्यांशिवाय कळलं, तेवढा तो कारागीर होता.

"कुणी हात लावला होता मशीनला?"

"तुम्ही," लेक म्हणाली. "रोज लावत होता. आज मी लावला."

त्याने तिला झाडलेल्या थपडेने ती भिंतीवर गेली. मग तो मशीनकडे वळला. ते लाकूडच उपटून काढायला त्याने उजवा हात वर थांबलेल्या कटरखाली घातला आणि डाव्या हाताने भिंतीतला प्लग खेचला.

वीज गेली. तीन किलोचा स्पिंडल सुळसुळीत स्क्रूवरून खाली आला, आणि कटर अजून गरगरत होता. तो पंजाच्या पाठीतून शिरला, हाडावर करकरला आणि खालच्या लाकडात रुतून बसला. भिंतीवर रक्ताचा फवारा उडाला. तो किंचाळत होता, हात निघत नव्हता. लेकीनेच दोन्ही हातांनी स्पिंडल वर उचलून धरला. आईने आपल्या ओढणीने पंजा आवळून बांधला. भुशात रक्त मिसळून लगदा झाला होता.

"अर्धंच कापलंय," तो ओरडला. "वर्तुळ पूर्ण झालेलं नाही! ऐकतेस ना? कुणी कुठे जायचं नाही!"

डॉक्टरांनी रविवारी संध्याकाळी घरी सोडलं. उजवा पंजा यापुढे मिटणार नव्हता.

सोमवारी सकाळी तो पुढच्या दारात स्टूल टाकून बसला, डाव्या हातात पाना. लेकीची गाडी नऊची होती.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "गोल कुठाय?"

लेक मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. स्पिंडल पडू नये म्हणून खाली तिने लाकडाचा ठोकळा आधीच ठेवला होता, तो वीज चालू करून काढला. मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकून बाहेर मिलिमीटर उठला. "बंद कर!" पान्याचे घाव दारावर पडू लागले. बायकोने त्याचा दंड धरला, तर त्याने तिला कोपराने मागे फेकलं. तिचा ओठ फुटला. दाराची फळी चिरली, बिजागरी लोंबली. आत मशीन एका लयीत घरघरत होतं. लेक दाराकडे बघत नव्हती.

फळी फुटली तेव्हा कडी काढून तीच बाहेर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लाकडाची चकती. चकती तिने आईकडे दिली.

"मोजा," ती बापाला म्हणाली.

त्याने पाना टाकून व्हर्निअर घेतला. एका हाताने मोजता येईना, म्हणून बायकोला चकती धरायला लावली. आडवं मोजलं. चकती फिरवून उभं मोजलं. पुन्हा आडवं. स्क्रू ढिला करणाऱ्या त्या माणसाला आकडा खोटा सांगता येईना.

"दोन्हीकडे शंभर," तो म्हणाला.

आणि व्हर्निअर फेकून त्याने लेकीचे केस धरले. बायकोने चकतीची कड त्याच्या मनगटावर मारली. एकदा, मग पुन्हा, मग केस सुटेपर्यंत. तो भिंतीला टेकून खाली बसला. लेक त्याच्या पायांवरून पुढे झाली आणि उंबऱ्यात थबकली.

"आई, तू एकटी..."

"नऊ वाजत आलेत. पळ!"

ती पळाली. तो उठू लागला, तशी बायको दारात आडवी झाली. ओठातून रक्त हनुवटीवर ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"एकच हात उरलाय तुझा," ती म्हणाली. "तो जपून ठेव."

ओट्यावरून शिंपी कुणाला तरी विचारत होता, इतक्या घाईने पोरगी कुठे निघाली. मिलिमीटर खालीच बसून राहिला.